जातं गेलं, गिरणी आली. आता हे काय आलं?

तापीच्या दोन्ही काठांवरच्या, सातपुड्याच्या पायथ्याच्या, साक्री-शिरपूरपासून रावेर-यावलपर्यंतच्या साऱ्या जणींना आम्हा गटाच्या बायांचा नमस्कार. हातातलं काम चालू द्या, नुसता कान इकडे असू द्या.

मागच्या बैठकीत हप्ते गोळा झाले, वहीवर सह्या-अंगठे झाले आणि सीआरपी ताई म्हणाली, "आज आपण एआयबद्दल बोलू." आमच्यातल्या सगळ्यांत थोरल्या, ज्यांना अख्खं गाव मोठी माय म्हणतं, त्या कोपऱ्यातून म्हणाल्या, "आय? कोनी आय?" आम्ही पोट धरधरून हसलो. पण हसून झाल्यावर लक्षात आलं, की विचारायला नको तो प्रश्न त्यांनी विचारलेला नाही. ही कुणाची आय आहे, कुणाचं ऐकते, कुणाचं भलं बघते, हे आपल्याला कुठे माहीत आहे?

त्या दिवशी आम्ही एकेकीला विचारलं, हे ऐकून तुझ्या मनात काय येतं? एक म्हणाली, भीती. माझी लेक संगणकाचा कोर्स करते, तिचं काम हे यंत्र खाऊन टाकेल. दुसरी म्हणाली, काही का असेना, भारी आहे. पोरगा विचारतो आणि ते लगेच सांगतं, गुरुजींपेक्षा हुशार. तिसरी म्हणाली, ते शहरातल्या लोकांचं. आपल्याला काय करायचंय त्याचं? आणि सगळ्यात जास्त माना डोलल्या त्या तिसरीच्या बोलण्यावर.

पण मैत्रिणींनो, ते आपल्या घरात येऊन बसलंसुद्धा आहे. तुमच्या व्हॉट्सॲपवर निळं-जांभळं गोल कडं दिसतं ना? २०२४ च्या जूनमध्ये ते आपल्या देशात आलं. आपण कुणी मागितलं नव्हतं. ते कडं म्हणजेच एआय, कृत्रिम बुद्धिमत्ता. अंगणवाडीत ताई फोन समोर धरून तुमचा फोटो घेते आणि फोन सांगतो की ही तीच बाई आहे, तेही हेच. राज्य सरकारनं २०२५ मध्ये शेतकऱ्यांसाठी 'महाविस्तार' नावाचं ॲप आणलं. त्यात मराठीतून पिकाचं, हवामानाचं, बाजारभावाचं विचारता येतं, तेही हेच. म्हणून आपल्याला काय करायचंय असं म्हणून चालणार नाही. ते कसं आहे आणि त्याच्याशी कसं वागायचं, एवढंच आपल्या हातात आहे.

मोठी माय मग जात्याची गोष्ट सांगू लागल्या. त्या नवी नवरी होऊन आल्या तेव्हा गावात गिरणी नव्हती. पहाटे तीनला उठायचं, दळायचं, मग पाणी, मग भाकरी, मग वावर. गिरणी आली तेव्हा म्हातारे म्हणाले, गिरणीच्या पिठात कस राहत नाही, बाया आळशी होतील, भाकरी गरम पिठाची म्हणजे पोटाला वाईट. कोणत्या बाईनं जातं सोडून गिरणीवर जायचं, यावरून घराघरांत भांडणं झाली. आणि शेवटी काय झालं? गिरणी राहिली. बाईला पहाटेची दोन तास झोप मिळाली.

पण मोठी माय पुढे म्हणाल्या, "जातं गेलं तशा ओव्या पण गेल्या. दोघी समोरासमोर बसून सुखदुःख बोलायचो, ते गेलं. आणि गिरणीवाल्याला पैसे द्यावे लागले, ते पैसे नवऱ्याकडे मागावे लागले."

आम्ही गप्प झालो. कारण कोणतंही यंत्र आलं की हेच तीन प्रश्न असतात. आपले कोणते कष्ट वाचले? आपलं काय गेलं? आणि किल्ली कुणाच्या हातात राहिली? एआयला घाबरण्याआधी किंवा त्याच्या पाया पडण्याआधी हे तीन प्रश्न विचारायचे, असं आमचं ठरलं.

आता हे यंत्र बोलतं कसं, ते आमच्या सीआरपी ताईनं समजावलं, तसंच सांगतो. लग्नात, हळदीला आपण नाव घेतो. एखादीनं उखाण्याची पहिली ओळ म्हटली, की दुसरी ओळ साधारण कशी येणार ते आपल्याला आधीच सुचतं. का? कारण लहानपणापासून शेकडो उखाणे आपल्या कानावरून गेलेत. या यंत्राचंही तसंच. माणसांनी लिहिलेलं अफाट लिखाण त्याच्यातून गेलेलं आहे. तुम्ही काही विचारलं, की या शब्दामागे कोणता शब्द शोभेल याचा अंदाज करत करत ते उत्तर जुळवतं. बहुतेक वेळा उत्तर बरोबर येतं. पण कधी कधी यमक झक्कास जुळतं आणि नवऱ्याचं नावच चुकतं! आणि गंमत अशी, की चुकतानाही त्याचा सूर तोच, ठाम. आपण चुकलो तर अडखळतो, जीभ चावतो. ते अडखळत नाही. त्यामुळे नुसतं ऐकून खरं-खोटं ओळखता येत नाही.

आमच्याच एका बहिणीचं ऐका. गेल्या खरिपात तिच्या कपाशीची पानं लाल पडायला लागली. पोरानं पानाचा फोटो काढला आणि फोनमधल्या एका एआयला विचारलं. त्यानं लगेच सांगितलं, हा बुरशीचा रोग आहे, अमुक औषध फवारा. नाव, प्रमाण, सगळं सांगितलं. नवरा बाटली आणायला निघाला. बहिणीनं मात्र वावरात जाऊन पान उलटून बघितलं. मागे काही नाही. ना तुडतुडे, ना डाग. शेजारच्या वावरातली जाणती बाई म्हणाली, हा लाल्या आहे. सहायक कृषी अधिकाऱ्यांना विचारलं, त्यांनीही तेच सांगितलं: झाड बोंडांनी लदलं की त्याला नत्र आणि मॅग्नेशियम कमी पडतं, त्यात रात्रीचा गारठा वाढला की पानं लाल होतात. हा बुरशीचा रोगच नव्हे. मॅग्नेशियम सल्फेट फवारायचं. तेच जर पानाच्या मागे तुडतुडे असते आणि कडा खाली मुडपल्या असत्या, तर इलाज वेगळा झाला असता.

फोननं चूक का केली? त्याला फोटोत पानाची वरची बाजू दिसली. पान उलटून बघायला त्याला हात नव्हते. ते हात आपल्याला आहेत. तेव्हापासून आमच्या गटात म्हणच पडली आहे. कुणी काही सांगितलं की आम्ही विचारतो, "पान उलटून पाहिलं का?"

याचा अर्थ ते टाकाऊ आहे असा नाही. २०१७ साली गुलाबी बोंडअळीनं आपल्या कपाशीची काय दशा केली ते आपण विसरलेलो नाही. बोंडं फोडली की आत अळी, आणि वेचणीला रुई पिवळी. त्यानंतर वाधवानी एआय नावाच्या संस्थेनं एक ॲप तयार केलं. कामगंध सापळ्यात अडकलेल्या पतंगांचा फोटो काढायचा, यंत्र ते मोजतं आणि फवारणीची वेळ आली की नाही ते सांगतं. हे चांगलं काम आहे, उगीच फवारणी वाचते. पण त्यामागचा हिशोब आपल्यालाही ठाऊक असावा: सापळ्यात रोज ८ पतंग, असे सलग ३ दिवस सापडले, तर धोक्याची पातळी आली असं समजायचं. आठपर्यंत मोजायला आपल्याला यंत्र लागत नाही. हिशोब माहीत असला की यंत्र आपलं गडी होतं. माहीत नसला की ते मालक होऊन बसतं.

आता अंगणवाडीचं बोलू. १ जुलै २०२५ पासून केंद्र सरकारनं नियम केला, की घरी न्यायचा पोषण आहार चेहरा जुळल्यावरच द्यायचा. गरोदर बाई, अंगावर पाजणारी बाई, सहा महिने ते तीन वर्षांच्या लेकराची आई, हिचा चेहरा पोषण ट्रॅकर ॲपमध्ये आधारशी जोडायचा आणि पाकीट घेताना पुन्हा दाखवायचा. हेतू असा, की ज्याचा घास त्याच्याच मुखी जावा, मधल्या मधे गळती होऊ नये. हेतूला कोण नाही म्हणेल? पण अंगणवाडी सेविकांच्या संघटनांनी जाहीरपणे अडचणी मांडल्या: नेटवर्क नाही, फोन जुने, आधारचा फोटो दहा वर्षांपूर्वीचा, ओटीपी जातो तो नवऱ्याच्या नंबरवर आणि नवरा ऊसतोडीला नाहीतर सुरतेला. बाळंतपणानंतर चेहरा सुजतो, उतरतो, हे यंत्राला कोण सांगणार?

इथे आम्हाला दोन गोष्टी सांगायच्या आहेत. पहिली, अंगणवाडीताईवर राग काढू नका. नियम तिनं केलेला नाही, फोन तिनं बनवलेला नाही, तीही आपल्यासारखीच बाई आहे. दुसरी, चेहरा जुळला नाही म्हणून मुकाट्यानं घरी येऊ नका. आजची तारीख, काय झालं, फोननं काय दाखवलं, हे वहीत लिहून घ्या. आधारचा फोटो आणि नंबर बदलून घ्या. आणि तरी अडलं तर चार जणी मिळून पर्यवेक्षिका मॅडमकडे, प्रकल्प कार्यालयात लेखी अर्ज द्या. यंत्राशी भांडता येत नाही, पण यंत्र ज्यांनी बसवलं त्यांना जाब विचारता येतो. त्यांना नाव आहे, खुर्ची आहे, कचेरीचा पत्ता आहे.

लाडकी बहीण योजनेतही आपण हे पाहिलं. जून २०२५ पासून २६ लाखांवर बहिणींचे पैसे तपासणीसाठी थांबले. ते काम कागदांच्या, नोंदींच्या जुळवाजुळवीचं होतं, त्याला एआय म्हणता येणार नाही. पण ज्या बाईचं नाव थांबलं तिचा अनुभव तोच: "कॉम्प्युटरनं कापलं." आम्ही म्हणतो, हे वाक्य ऐकून घ्यायचं नाही. कोणत्या कारणानं थांबवलं, कुणाकडे अर्ज करायचा, हे विचारायचं. कॉम्प्युटर सही करत नाही. सही माणूसच करतो.

आता जे सांगणार आहोत ते जरा नीट ऐका. आमच्या गटातल्या एका वहिनींचा मुलगा सुरतेला कामाला आहे. एके दुपारी त्यांना अनोळखी नंबरवरून फोन आला. आवाज मुलाचा, रडवेला. "आई, माझ्या हातून अपघात झाला, पोलिसांनी धरलंय, पंधरा हजार पाठव, बाबांना सांगू नकोस." वहिनींचे हातपाय गळाले. शेळ्यांसाठी गटातून घेतलेलं कर्ज नुकतंच खात्यात आलं होतं. त्या उठून पोराच्या मित्राकडे निघाल्यासुद्धा, पैसे पाठवायला. उंबऱ्यात पाय अडखळला आणि मनात आलं, हा मला आई कधीपासून म्हणायला लागला? जन्मल्यापासून तो "माय वं" म्हणतो. आवाज त्याचा होता, पण बोली त्याची नव्हती. त्यांनी फोन बंद केला आणि स्वतःजवळच्या नंबरवर मुलाला लावला. पोरगा कामावर डबा खात होता!

आवाजाची अशी नक्कल आता यंत्र करतं. कुणाच्या व्हिडिओतला थोडासा आवाज मिळाला तरी पुरतो. चेहऱ्याचीही नक्कल होते. २०२४ च्या जानेवारीत सचिन तेंडुलकरच्या चेहऱ्याचा आणि आवाजाचा खोटा व्हिडिओ फिरत होता, त्यात तो एका खेळाच्या ॲपची जाहिरात करताना दिसत होता. त्याला स्वतःला सांगावं लागलं, की हा मी नव्हे. सचिनचं असं होतं, तर तुमच्या-आमच्या पोरांचं व्हायला काय वेळ?

वहिनींना त्यांच्या बोलीनं वाचवलं. पण उद्या यंत्र अहिराणी शिकलं तर? म्हणून आम्ही घरोघरी एक खुणेचा शब्द ठरवला. फोनवर कुणी आपलं म्हणून पैसे मागितले, की खूण विचारायची. तो शब्द कुठे लिहायचा नाही, व्हॉट्सॲपवर पाठवायचा नाही. आजीच्या गाईचं नाव, मामाच्या विहिरीजवळचं झाड, असं काहीतरी. आणि पोलिसाचा वेष घालून कुणी व्हिडिओवर म्हणालं, तुम्हाला डिजिटल अटक झाली आहे, तर घाबरू नका. आपल्या देशात अशी अटक कायद्यातच नाही. पैसे गेलेच, तर लाजू नका, रडत बसू नका, लगेच १९३० ला फोन करा. जितका लवकर फोन, तितकी पैसे अडवून ठेवण्याची आशा जास्त.

याच धाग्यातली एक नाजूक गोष्ट. आपल्या पोरींचे फोटो. एखादा नालायक पोरगा मुलीचा साधा फोटो घेऊन यंत्राकडून घाणेरडा करून घेतो आणि धमकावतो. अशा वेळी घरात काय होतं? पहिल्यांदा मुलीचा फोन काढून घेतात, मग शाळा-कॉलेज बंद, मग स्थळं बघायला सुरुवात. गुन्हा त्याचा आणि शिक्षा हिला. बायांनो, आयांनी यात उभं राहायला पाहिजे. लेकीला आजच सांगून ठेवा: असं कधी झालं तर पहिल्यांदा मला सांग, मी तुझ्यावर ओरडणार नाही. तो मेसेज पुसायचा नाही, तो पुरावा आहे. १९३० आहे, महिलांसाठी १८१ आहे, पोलिसांचा ११२ आहे. तक्रार करायला लेकीबरोबर गटातल्या दोघींनी जायचं, हे आम्ही ठराव करून लिहून ठेवलं आहे.

शेवटी आपल्या बोलीकडे येऊ. वहिनींची गोष्ट ऐकल्यावर आम्ही फोनमधल्या एआयला अहिराणीत विचारून बघितलं, "कपाशीना पाने लाल काबर पडी ऱ्हायनात?" त्यानं उत्तर दिलं पुस्तकी मराठीत, आणि ते पण भलतंच. मराठीत विचारलं तर बरं बोलतं. २०११ च्या जनगणनेत खान्देशी बोलणारे १८ लाखांहून जास्त मोजले गेले. इतकी माणसं बोलतात, पण लिहिलेलं फार थोडं. आणि हे यंत्र लिहिलेलं, नोंदलेलं तेवढंच शिकतं. सातपुड्यातल्या आमच्या पावरा, भिल्ल बहिणींच्या बोलीचं तर त्याहून अवघड.

आसोद्याच्या बहिणाबाई आठवा. १८८० साली जन्मलेल्या, लिहिता-वाचता न येणाऱ्या, घरकाम-शेतकाम करता करता गाणी रचणाऱ्या. मुलानं, सोपानदेवांनी आणि मावसभावानं ती उतरून घेतली नसती, तर १९५१ मध्ये त्यांच्याबरोबर तीही गेली असती. १९५२ मध्ये पुस्तक निघालं, आणि आज जळगावच्या विद्यापीठाला त्या माउलीचं नाव आहे. लेवा गणबोलीतलं ते बोलणं टिकलं, कारण कुणीतरी मोलाचं समजून लिहून ठेवलं.

आमच्या मोठ्या मायच्या तोंडी किती ओव्या आहेत, किती औषधं, किती वाणांची नावं! आम्ही ठरवलं आहे, दर बैठकीत दहा मिनिटं त्यांचं बोलणं फोनवर भरून ठेवायचं आणि कॉलेजातल्या पोरींनी ते वहीत उतरवायचं. पालघर जिल्ह्यातल्या एका आदिवासी गावात लोकांनी फोनवर मराठी वाक्यं वाचून दिली आणि त्याचे त्यांना पैसे मिळाले. असा आवाज यंत्राला मराठी शिकवायला गोळा झाला. म्हणजे आपल्या आवाजाला किंमत आहे. उद्या कुणी आपल्याकडे आवाज मागायला आलं, तर फुकट द्यायचा नाही. कशासाठी पाहिजे, कुठे जाणार, किती देणार, हे विचारूनच द्यायचा.

तर मैत्रिणींनो, आमच्या वहीतले ठराव थोडक्यात सांगतो. एक, घरोघरी खुणेचा शब्द. दोन, फवारणी, औषधपाणी आणि पैसा, या तीन बाबतीत यंत्रानं काही सांगितलं तरी एका जाणत्या माणसाला विचारल्याशिवाय पाऊल उचलायचं नाही. शेतीसाठी सहायक कृषी अधिकारी आहेत, मामुराबादचं, पालचं, धुळ्याचं कृषी विज्ञान केंद्र आहे, किसान कॉल सेंटरचा १८००-१८०-१५५१ हा फुकटचा नंबर आहे. तीन, आधार, पासबुक, ओटीपी त्या गोल कड्याला कधी द्यायचं नाही. चार, यंत्रानं नाकारलं तर वहीत नोंद आणि चौघी मिळून अर्ज. पाच, लेकीचा फोन हिसकायचा नाही, तिच्याकडूनच शिकायचं.

कामाची भीती वाटणाऱ्या त्या पहिल्या बहिणीला आम्ही काय सांगितलं? खोटा धीर दिला नाही. नुसतं टायपिंगचं काम कमी होईल, हे दिसतंच आहे. पण लेकीला म्हणावं, कोर्स सोडू नकोस, त्याच्याबरोबर हे यंत्र तपासायलाही शीक. गावात त्याचं उत्तर पारखून घेणारं कुणीतरी लागणारच आहे.

तुमच्या पुढच्या बैठकीत हा विषय घ्या. तुमच्या गावात यंत्रानं कुणाचं काय वाचवलं आणि कुणाचं काय अडवलं, ते वहीत लिहा आणि रेडिओकडे पाठवा. मोठी माय आता फोन हातात घेतात, त्या गोल कड्याकडे बघतात आणि म्हणतात, "बोल, आय. पन पान उलटीसन बोल."

राम राम.